हिच्या हिरड्या, माझी देखरेख

सोमवार, ४ मार्च

सकाळी साडेदहाला हिचं ऑपरेशन झालं. लेझरने वरच्या हिरड्या कापून वर नेल्या. चाळीस मिनिटं. लग्नाच्या चौदाव्या वाढदिवसाची माझ्याकडून भेट. हिने मागितली नव्हती, पण मनात असणार. चौदा वर्षं मी सांगतोय की फोटोत आधी हिरड्या येतात आणि मागून ही येते. चारचौघांत हमखास हशा. त्यातून प्रेमच दिसतं.

डॉक्टरीणबाईंनी सूचनांचा कागद दिला. बर्फ दहा मिनिटं लावायचा, दहा मिनिटं काढायचा. मऊ, थंड खायचं. स्ट्रॉ नाही. ओठ उचलून बघायचं नाही. बोलणं कमी, आणि आठवडाभर खळखळून हसायचं नाही. मी म्हटलं, हसण्याची काळजीच नको, घरी ही हसत नाही. बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. इतका जागरूक नवरा क्वचित पाहिला असेल.

संकल्प : दोन आठवडे स्वयंपाकघर माझं. खोक्यांच्या कारखान्यात सतरा वर्षं क्वालिटी कंट्रोल बघतोय, एक जबडा बघणं काय अवघड. कागद लॅमिनेट करून फ्रिजवर लावला. शेजारी टिक करायचा तक्ता.

त्याच दिवशी, दुपारी ४

बर्फ संपला. धावपळीने घसा सुकला होता, सरबतात घातला. ही फ्रोझन मटारचं पाकीट ओठावर धरून पडली आहे. मटारही थंडच असतात. टिक केली.

मंगळवार, ५ मार्च

सूप केलं. गरम होतं. हिने हातानेच नको म्हटलं. मी म्हटलं, फुंकून घे, एवढे लाड बरे नाहीत. घेतलं. रक्त आलं. डॉक्टरीणबाई फोनवर जरा चढ्या आवाजात बोलल्या. हिनेच घाई केली असं सांगितलं. उगाच विषय वाढवण्यात अर्थ नव्हता.

संध्याकाळी माझ्यासाठी आणि लेकीसाठी तळलेलं चिकन मागवलं. स्वयंपाकघर माझं म्हणजे काय मागवायचं तेही माझंच. पेशंटला एकटं वाटू नये म्हणून हिच्या पलंगाशी बसून खाल्लं. हिने भिंतीकडे तोंड केलं. लेक तिचं ताट उचलून बाहेर गेली. दहा वर्षांची आहे, आजाऱ्याची सोबत करणं काय ते अजून कळत नाही.

बुधवार, ६ मार्च

ही चिठ्ठ्या लिहून बोलते. आज लिहिलं, 'थोडा वेळ बाहेर बसा.' मी 'थोडा'खाली लाल रेघ मारून विचारलं, म्हणजे नेमका किती. मोघम लिहायची सवय जुनीच.

ऑफिसात म्हटलं, बायको बोलत नाही, घर कसं शांत आहे, सगळ्यांनी करून घ्या हे ऑपरेशन. टेबलं बडवून हसले लोक. स्टोअरमधला लंबू तेवढा हसला नाही. त्याला विनोद उशिरा कळतात.

गुरुवार, ७ मार्च

ओठ उचलून बघायचं नाही हे सामान्य माणसांसाठी आहे. मी तपासणीच्या धंद्यातला. ऑफिसचा टॉर्च आणला होता. ही मान हलवत होती. मी हनुवटी घट्ट धरून वरचा ओठ उचलला. जखमेवर लावलेल्या गुलाबी लेपाचा एक तुकडा सुटून आला. अंगठ्याने परत बसवला. नंतर हात साबणाने धुतले.

ही रडली, पण तोंड न उघडता. म्हणजे सूचना नीट पाळते आहे. टिक.

शुक्रवार, ८ मार्च

ओठ सुजून नाकाला टेकलाय. गंमत म्हणून म्हटलं, हिरड्या गेल्या, आता फोटोत आधी ओठ येणार. कुणी दाद दिली नाही.

दुपारी मेहुणी हजर. हिची धाकटी बहीण, नर्स आहे, आवाज वॉर्डाएवढा. तिने हिला डॉक्टरीणबाईंकडे नेऊन लेप नवा लावून आणला. मग फ्रिजवरचा तक्ता काढून चार तुकडे केले, आणि ती, ही आणि लेक बेडरूममध्ये. मी हॉलमधल्या सोफ्यावर. चार दिवसांत माझी किती दमछाक झाली ते तिने बरोबर ओळखलं.

रविवार, १० मार्च

सूज उतरली. मी लावून दिलेल्या शिस्तीचा परिणाम.

आणखी एक चांगली गोष्ट. टीव्हीवर काहीतरी विनोदी चाललं होतं. लेक हसली आणि तिने तोंडावर हात घेतला. आईसारखाच, आडवा. विचारलं, कुणी शिकवलं. म्हणाली, कुणी नाही, माझ्या पण दिसतात ना बाबा. समजूतदार आहे. कौतुक म्हणून पाठ थोपटली. मेहुणी उठून आत गेली आणि दार आपटलं. वारा असावा.

गुरुवार, १४ मार्च

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, जखम उत्तम भरली, निगा कुणी घेतली. मेहुणीने तोंड उघडायच्या आत मी लॅमिनेशनबद्दल सांगितलं.

मग ऑपरेशननंतरचा फोटो काढायचा होता. बाई म्हणाल्या, हसा. हिने माझ्याकडे बघितलं आणि ओठ मिटले. मी म्हटलं, अगं हस, आता झाकण्यासारखं राहिलं नाही. तरी मिटलेलेच. तीनदा झालं. मग बाई म्हणाल्या, मिस्टर, तुम्ही जरा बाहेर बसा.

बाहेर बसलो. पाच मिनिटांनी आतून हसण्याचा आवाज. बाई, मेहुणी आणि आणखी एक कुणीतरी, खूप वेळ, श्वास लागेपर्यंत. आत दुसरी पेशंट गेली असेल असं वाटलं. दार उघडलं तर ह्या तिघीच.

शनिवार, १६ मार्च

हिला म्हटलं, तिथे हसलीस तसं घरी एकदा हसून दाखव, भेट माझी आहे. ही म्हणाली, तिथे तुम्ही नव्हतात. बारा दिवसांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. उच्चार स्पष्ट आहेत.

प्रकाशाचा मुद्दा असणार. क्लिनिकमध्ये दिवे पांढरे आहेत. हॉलसाठी दोन ट्यूबलाइट आणल्या. स्टुलावर चढून स्वतः लावल्या.

रविवार, १७ मार्च

हिला ट्यूबखाली बसवलं. बसली. अर्धा तास. मी विनोद सांगितले, अगदी हमखास चालणारे. शेवटी फोटोतल्या हिरड्यांचाही सांगितला. ही उठली, बॅग भरली, लेकीची पण भरली. मेहुणी खाली गाडी घेऊन उभीच होती. विचारलं, परत कधी. ही म्हणाली, बरी झाले की. कागदात आहेच, हिरड्या पूर्ण बसायला सहा ते आठ आठवडे लागतात. संकल्प : तोवर घर चकाचक ठेवायचं.

रविवार, ७ एप्रिल

लेकीला फोन केला. आई बरी आहे म्हणाली. मागून हिचं हसणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, आईला दे. हसणं थांबलं. आई झोपलीये म्हणाली.

घराचं उद्यापासून बघू.

शनिवार, २० एप्रिल

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दात साफ करायचे आहेत म्हणून. हा तिसरा शनिवार.

वेटिंग रूममध्ये सोफ्यासमोर हिचा मोठा फोटो लावलाय. हिने परवानगी दिली म्हणे, मला विचारलं नव्हतं. डोळे जवळजवळ मिटलेले, मान मागे, दोन्ही हात मांडीवर. दात सगळे दिसतात. हिरड्या जरा दिसतातच अजून. पण तिकडे लक्ष जात नाही.

शेजारी एक आजोबा बसले होते. म्हणाले, काय छान हसलीय बाई. मी म्हटलं, माझी मिसेस. ते म्हणाले, नशीबवान आहात, घरात रोज हे बघायला मिळतं. मी म्हटलं, हो, रोज.

मग रिसेप्शनवरच्या बाईंनी माझं नाव घेतलं. म्हणाल्या, आज तरी आत जाता का. मी म्हटलं, आजोबांना पाठवा, मी बसतो अजून थोडा वेळ.