‘नऊ’ आणि ‘नऊ-अ’

धाकट्या,

भाजी झाकून ठेवलीये, गरम करून घे. ज्याला तू दुकानातलं सुतारकामाचं मशीन विकलंस, त्याच्याकडे मी चाललेय.

‘ताई, चांगलं ‘नऊ’ तुझ्यासाठी ठेवलं, भंगार ‘नऊ-अ’ तेवढं काढलं,’ असं काल ऐटीत सांगितलंस. ‘नऊ’ म्हणजे सगळं ओतीव लोखंड. करवत, रंधा, भोकं पाडणं, सगळं एकाच धडावर. नंतर कंपनीने तेच स्वस्तात पत्र्याचं काढलं आणि नावापुढे ‘अ’ चिकटवला. एवढं तुला पाठ आहे. पण बाबा होते तेव्हा रंग देताना त्यांनी दोन्ही मशीनच्या पाट्या काढल्या आणि परत लावताना चुकून याची त्याला बसवली. मी दाखवलं, तर म्हणाले, ‘राहू दे, मशीनला कुठे वाचता येतं.’ तू पाटी वाचलीस आणि खरं ‘नऊ’ देऊन टाकलंस. एकदा जरी त्यावर फळी सरकवली असतीस, तर हाताला कळलं असतं.

दुकानाच्या पाटीवर बाबांनी तुझं नाव घातलं. काम मी करत होते. ती पाटीही आता राहू दे तशीच. मशीन परत मिळालं, तरी ते इथे येणार नाही, आणि मीही.

ताई