डावखुऱ्या नायकाचा विजय

खांदा कॉलनी, पनवेल

तीर्थस्वरूप गुणाबाय,

धाकट्या भावाने, म्हणजे भगवानने, इथूनच तुझे पाय धरले आहेत असं समज. आम्ही सगळे ठीक आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? गव्हाण गावावरून हल्ली विमानं जातात आणि प्रत्येक विमानाला तू अंगणातल्या सुकटीवर ताडपत्री टाकायला धावतेस असं कळलं. बाय, विमानातून काही सांडत नाही. धावू नकोस. फोनवर तुला मी ऐकू येत नाही आणि तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझी सून रिया वाचून दाखवेलच. (रिया, कंसातलं आधी मनात वाच, मग मोठ्याने वाचायचं की नाही ते ठरव.)

बातमी छाती फुगवण्यासारखी आहे. तुझा भाऊ ज्याचा अध्यक्ष आहे त्या सिनेरसिक मंडळाने आजवरचा सगळ्यात श्रेष्ठ चित्रपट निवडला, आणि तो आपला निघाला. ‘दीपमाळेची शपथ’. काकाच्या हळदीला आपल्या खळ्यात पडदा लावून दाखवला होता तोच. येत्या रविवारी सोसायटीच्या वर्धापनदिनाला तो आवारात मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत आणि त्याआधी मी स्टेजवरून दोन शब्द बोलणार आहे. (मालू म्हणते, दोनच बोला. तुझ्या भावजयीचा स्वभाव तुला ठाऊक आहे.)

मंडळात आम्ही चौघं. मी, उरणचा काशिराम कोळी (बंदरातून निवृत्त झाला, आवाज अजून बंदरातच आहे), आणि समोरच्या इमारतीतले परेशभाई आणि त्यांची बायको हेतलबेन. संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसून आम्ही जुन्या सिनेमांवरून भांडतो. काशिरामच्या आवडत्या चित्रपटात तीन वादळं आहेत आणि तो तिन्ही तोंडाने करून दाखवतो, त्यामुळे बाकावर त्याच्या शेजारी कुणी बसत नाही. परेशभाईंच्या आवडत्या चित्रपटात पहिला अर्धा तास कुणी बोलतच नाही. सगळ्या जगात तो चित्रपट फक्त परेशभाईंनाच का आवडतो, याचं उत्तर मला हेतलबेनना भेटल्यावर मिळालं.

मी आपली बाजू अशी मांडली. बाकीच्यांच्या नायकाला बाण लागतो तो दंडाला नाही तर खांद्याला, आणि मग तो उठून उभा राहतो. त्यात काय मोठंसं? आपल्या नायकाला बाण बरोबर डाव्या छातीत लागतो, काळजातच, तरी तो उठतो, डाव्या हाताने तलवार उपसतो आणि दीपमाळेपर्यंत चालत जातो. असा डावखुरा मर्द दुसऱ्या कुठल्या चित्रपटात आहे? बाय, त्याच्यापायी मी आयुष्यभर छत्री डाव्या हातात धरली. लग्नात कट्यारसुद्धा डाव्याच हातात धरली, भटजी रागावले तरी. आणि बोलण्याच्या भरात मी भर बागेत सांगून बसलो की तो नायक उजव्या हाताचा निघाला तर अध्यक्षपद सोडेन आणि या बाकावर सिनेमाचं नाव काढणार नाही.

हेतलबेननी दुसऱ्या दिवशी तो चित्रपट कुठूनसा शोधून काढला आणि आम्हाला चहाला बोलावून त्यांच्या टीव्हीवर लावला. बाण उजव्या बाजूला. तलवार उजव्या हातात. परेशभाईंनी बिस्किटांची बशी माझ्यापासून लांब सरकवली. मी शांतपणे म्हणालो, ही प्रत उलटी छापली आहे. हेतलबेन म्हणाल्या, “भगवानकाका, मग नावं कशी सरळ वाचता येतात?” मी म्हणालो, अक्षरं नंतर सरळ करून घेतली असतील. (तू शाळेत गेली नव्हतीस, मी अजून जायचा होतो. पडद्यावरच्या अक्षरांबद्दल मी विचारलं तेव्हा तू मला ठामपणे सांगितलं होतंस की सिनेमाची अक्षरं अशीच असतात. माझा तुझ्यावर तेव्हा विश्वास होता, आजही आहे.)

माझी खुर्ची जाणार असं दिसत होतं. तेवढ्यात काशिराम, ज्याच्याशी माझं कधी पटत नाही, तो कप आपटून उभा राहिला. “अरं, डावराच होता तो! आमी सोता पायलाय. किनाऱ्यावर पडदा लावलेला, आन आमी होडीत बसून, पान्यातून!”

परेशभाईंनी विचारलं, “पाण्यातून? पण पडद्याचं तोंड तर गावाकडे असणार ना?”

“आसंल. गावाकडं तिकीट होतं. आमच्याकडं नाय.”

बाय, मग जे हसणं सुरू झालं! काशिरामने पडद्याच्या मागून सिनेमा पाहिला, म्हणून त्याला सगळं उलटं दिसलं! वर त्याने असंही कबूल केलं की त्याने त्या चित्रपटाचा शेवट कधीच पाहिला नाही, कारण शेवटाच्या आधी ओहोटी लागली आणि होडी मागे न्यावी लागली. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. काशिराम खाली बसला आणि आपटलेला कप त्याने हळूच बशीत ठेवला. आणि हसता हसता मला आपलं खळं आठवलं. आबांनी पडदा बांधला, पळस्प्याहून आलेल्या पाहुण्यांना समोर चटयांवर बसवलं, आणि आपल्याला हाताला धरून पलीकडे चिंचेखाली नेलं: “पावनं पुढं, घरची मागं.” माझं हसणं तिथेच थांबलं. ठसका लागला असं सांगून मी पाणी मागितलं.

त्यावर चहाला माझ्याबरोबर आलेल्या मालूने तोड काढली. “भांडता कशाला? पडदा आवाराच्या मधोमध लावा, खुर्च्या दोन्हीकडं मांडा. ज्याला जो हात पायजे त्यानं तिकडं बसावं.” ही कल्पना सोसायटीत सगळ्यांना इतकी आवडली की बाकीचे चित्रपट आपोआप मागे पडले. मी राजीनामा लिहायला घेतला होता, पण परेशभाई म्हणाले, “अरे जाऊ द्या ना काका, दोन्ही बरोबर.” अशा रीतीने आपला चित्रपट जिंकला, नायकाचे दोन्ही हात शाबूत राहिले आणि माझी खुर्चीही. आबा असते तर त्यांनी पडद्याच्या दोऱ्या स्वतः बांधल्या असत्या आणि कुणाला हात लावू दिला नसता.

रविवारी गाडी पाठवतो. गुडघ्याला पट्टा बांधून ये. सगळ्यांना आशीर्वाद.

तुझा भाऊ,
भगवान

ता. क. अध्यक्ष म्हणून माझी खुर्ची समोर, नगरसेवकांच्या शेजारी ठेवली आहे. कोणत्याही पडद्यामागे मी कधी बसलो नाही असं मी चारचौघांत सांगून चुकलोय, त्यामुळे आपणहून उठून मागे जाता येत नाही. बाय, खरं काम हे आहे: तू आलीस की सरळ मागच्या बाजूला जाऊन बस, आणि दिवे मालवले की मला हाक मार, “भगवान, घरची मागं!” मोठ्या बहिणीने बोलावलं तर नगरसेवकसुद्धा मला अडवणार नाहीत. विमान जात असेल तर थांब, मग हाक मार.

ता. क. दुसरा. तुझ्या शेजारी दोन खुर्च्या धर. दुसरी काशिरामची. त्यालाही तशीच हाक मार, तो घरचाच आहे. आणि शेवट येईपर्यंत त्याला उठू देऊ नकोस. खांदा कॉलनीत ओहोटी लागत नाही.