काचेच्या आतली बाजू

प्रिय अण्णा,

पाटीवरचं अक्षर कुणाचं असतं, ते काढणाऱ्याचं की पाटी लावणाऱ्याचं? पदवी घेऊनही मला याचं उत्तर देता येत नाही. आठवडाभर मी यातच अडकून पडले आहे.

तुम्ही भेटेल त्याला सांगता, 'आमची पोरगी संगणकावर पाट्या रंगवते.' खरं तर मी रंगवत नाही, चिकटवते. कार्टूनपटासाठी दुकानं, ट्रक, बाटल्या संगणकात घडवतात, पण त्या कोऱ्या असतात. त्यांच्यावरच्या मजकुराचं मी चित्र करते, मागचा कागद पुसून टाकते आणि उरलेली अक्षरं स्टिकरसारखी वस्तूवर बसवते. आमच्या खोलीला खिडकी नाही. पडद्यावर मात्र मी अख्खा रस्ता सजवत होते, बत्तीस दुकानांचा, भरपूर उन्हाचा.

छापील अक्षरांनी तो रस्ता मेल्यासारखा दिसायचा. 'यात कुणाचा हातच दिसत नाही गं,' आमच्या विभागाच्या प्रमुख बाई म्हणाल्या. तेव्हा मी तुमची नमुन्यांची वही आणली आणि त्यातल्या बत्तीस पाट्या जशाच्या तशा उचलल्या. हो, ट्रंकेतून ती मीच नेली. रद्दीत घातलीत म्हणून आई तुमच्यावर उगाच ओरडली.

पाट्या बसल्या आणि रस्ता बोलायला लागला. फक्त न्हाव्याच्या काचेवरची उलटी बसली होती आणि मला ते कळलंच नाही. वाचून पुढे गेले. सगळे पोट धरून हसले. त्यांना काय सांगू, की तुम्ही काचेवर आतून उलटं लिहायचात आणि मी आत बसून तसंच वाचायला शिकले? शाळेतल्या बाईंनी कपाळावर हात मारला होता. तेव्हापासून तुम्ही मला आरशी म्हणता.

हसू ओसरल्यावर बाईंनी विचारलं, 'अक्षर कुणाचं?' बाहेरचं काही वापरायचं नाही, असा इथला नियम. माझ्या तोंडून 'माझंच' निघून गेलं. मग इतकं कौतुक झालं की मागे फिरायला वाटच उरली नाही. सोमवारी कागद आला: ही अक्षरं मी स्वतः घडवली, यापुढे ती कंपनीची. सही करावी तर तुमचं अक्षर तुमचं राहत नाही. न करावी तर खोटं उघडं पडतं, आणि घरातली पहिली पदवीधर हात हलवत घरी येते.

काल सहीसाठी पेन उचललं, पण त्याआधी वही एकदा चाळली. प्रत्येक पाटीच्या शेवटच्या अक्षराखाली एक ठिपका, त्याला बारीक शेपटी. लहानपणी विचारलं होतं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, 'ही माझी सही. गिऱ्हाइकाला डाग वाटतो, वाटू दे.' अण्णा, मलाही डागच वाटला. चित्र मोठं करून, नीट निरखून, बत्तीस वेळा मी तो पुसला होता.

तुम्हाला न विचारता वही नेली आणि तुमची सही पुसली, त्याची माफी मागायला हे लिहिते आहे. ठिपके मी कालच परत बसवले. आज सकाळी कागदावरचं 'मी स्वतः' खोडून 'माझ्या वडिलांनी' लिहिलं, सहीची जागा कोरी ठेवली आणि कागद बाईंच्या हातात दिला. आता खाली बाकावर बसले आहे. वर बोलावतात की घरी पाठवतात, ठाऊक नाही. वही माझ्या मांडीवर आहे.

तुमचीच,
आरशी