कोटाला येणारा वाड्याचा वास

आये, आमच्या कारखान्यातला अमोनिया बंद झाला. आता दाणेदार खत बाहेरून तयार येतं, आम्ही फक्त वेगवेगळे दाणे मिसळून पोती भरतो. डोळे झोंबत नाहीत म्हणून सगळे खूश आहेत. मला मात्र आठवडाभर चुकल्यासारखं वाटतंय. का ते कुणाला सांगावं? म्हणतील, हिला नाकाचं काय दुःख पडलंय.

गुडघ्यांनी दगा दिला आणि तू मेंढरं विकलीस, तेव्हा मी या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. दिवाळी सरली की मेंढरं घेऊन मढ गावावरून माळशेज घाट उतरून कोकणात जाणारी तू, डिंगोऱ्यातल्या आपल्या घराच्या ओट्यावर रस्त्याकडे बघत बसायचीस. ताट तसंच परत यायचं. एका संध्याकाळी मी कामावरून आले, पांढरा कोट खुंटीला अडकवला, आणि तू उठून त्याला नाक लावलंस. "वाड्याचा वास येतोय गं," म्हणालीस. वाडा म्हणजे आपला, जाळी लावून मेंढरं बसवायचा. त्या दिवशी तू पोटभर जेवलीस.

मी तुला समजावत बसले. मोठ्या फिरत्या पिंपात आम्ल आणि अमोनिया एकत्र येतात, तापतात, गरगर फिरून त्यांचा दाणा वळतो. आणि वाड्यात मेंढरांच्या मुताचा जो उग्र वास उठतो, तोही अमोनियाच. तू हसायला लागलीस. "मग येवढा कारखाना कशाला मांडलाय बाई? वावरात मेंढरं बसवायची, झालं." तेव्हापासून कोट धुवायला तुझी बंदी. माझ्या सुट्टीच्या दुपारी तो उशाला घेऊन तू पडायचीस, झोपेतच मेंढरांना हाळी द्यायचीस, आणि मला कांद्याचं मोकळं वावर दिसायचं, सगळा कळप रवंथ करत बसलेला, मधोमध तू. वास कमी असला की म्हणायचीस, "आज मेंढरं लई लांब गेल्यात चराया, न्हाई का?" मी हो म्हणायचे.

अमोनिया उडून जातो, हे मला कुणी शिकवायला नको. त्याला धरून ठेवायला आम्ल लागतं, तेव्हा कुठे त्याचं खत होतं. कोटाच्या सुतात असं धरणारं काही नसतं. पण तू गेल्यावरही मी रोज नवा वास घरी आणत होते, त्यामुळे तू पुरती गेलीस असं कधी वाटलंच नाही. आता वाटेल, आणि त्याची मला भीती वाटते.

हे पत्र टाकणार तरी कुठे? कोटाच्याच खिशात ठेवते. एक सांगायचं राहिलं. आज सुट्टी, दुपारी तुझ्यासारखीच मी कोट उशाला घेऊन पडले. बराच वेळ कॉलरमध्ये नाक खुपसून होते, कसलाच वास नव्हता. मग रिकाम्या घरात मोठ्यानं म्हटलं, आज मेंढरं लई लांब गेल्यात. आणि तुझ्या वतीनं मीच हो म्हटलं.