उलटून पाहिल्याशिवाय पास नाही

मी, खाली सही करणारी, शिंप्याची थोरली मुलगी, घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. "एवढ्यात कसलं अभद्र लिहितेस?" असे आईने विचारले. कारण एवढेच की बाबांनी काही लिहून ठेवले नव्हते. ते गेल्यावर काकांनी पुढे केलेल्या कागदावर आईने, वाचता येत नसल्याने, तसाच अंगठा उठवला, आणि आमची खोली व बाबांचे शिलाई मशीन काकांचे झाले. तसे पुन्हा होणे नाही.

१. माझ्या पगारातून घेतलेल्या या दोन खोल्या माझ्यानंतर आईच्या. पुढच्या खोलीत संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग चालू राहावा.

या वर्गाविषयी थोडे. आई कपड्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर चेकर आहे. तिथे शर्ट उलटा करून शिवण बघतात, मगच 'पास' म्हणतात. तिच्या मैत्रिणी इंग्रजीला घाबरत, म्हणून मी हाच शब्द फळ्यावर लिहिला. शर्ट पास, बसचा पास, गेटपास, साहेबांनी पास केलेली रजा, पोरांनी एकमेकांना पास केलेला बॉल: फळा त्यांनीच भरला. पुढे धड्यात जेवताना मीठ 'पास' करायचे वाक्य आले. काजबटणवाल्या मावशींनी मी पुढे केलेल्या मिठाच्या डबीतले चिमूटभर जिभेवर ठेवले, विचार केला आणि म्हणाल्या, "पास." डबी काही पुढे सरकली नाही.

२. माझा शब्दकोश या मावशींना. डोंगरातल्या खिंडीला इंग्रजीत 'पास' हाच शब्द आहे आणि माणूस गेला हे हळुवार सांगायलाही तोच, हे त्यातूनच वाचून दाखवले होते. आईने त्या ओळीवर बोट ठेवले. मग म्हणाली, "म्हणजे तुझे बाबा खिंड ओलांडून गेले."

३. सायकल धाकट्या बहिणीला, कारण ती बसचा पास हमखास हरवते. बाबांची कात्रीही तिलाच. काकांनी मशीन नेले त्या दिवशी कात्री आईच्या पिशवीत होती म्हणून वाचली. बहिणीने तिने कागद कापू नये, धार जाते.

४. काकांना काहीही नाही, असे मी आधी लिहिले होते, आणि बरेच खमंग लिहिले होते. आईने त्या कलमावर शिवणीतला दोष दाखवायच्या खडूने फुली मारली. "त्यांच्या सुनेला वर्गाला यायचंय. शिवण उसवलेली दिसली की शर्ट फेकत नाही गं आपण, परत मशीनवर पाठवतो." म्हणून दुरुस्त कलम असे: काकांच्या सुनेला वर्गात पुढच्या बाकावर जागा. काकांनी तिला अडवू नये. स्वतः यायचे असल्यास मागे बसावे.

आज आईचा रात्रशाळेच्या दहावीचा निकाल लागला. वारसाने साक्षीदार होऊ नये असा नियम असल्याने तिची सही साक्षीदारांत नाही. पण तिने बघितल्याशिवाय या घरातून काही बाहेर जात नाही.

स्थळ: पुढची खोली, फळ्याखाली.
तारीख: १४ जून.
सही: थोरली

साक्षीदार:
१. समोरचे चावीवाले (सही)
२. दवाखान्यातल्या नर्सबाई (सही)

प्रत्येक ओळ मी स्वतः वाचली. कागद उलटून मागची बाजूही पाहिली. पास.
— आई (अंगठा नाही, सही)