फक्कीचं घर

आई, आज तुझी फक्की दिल्लीला पोचली. मी इथेच होते, भिलाईत, जेवायच्या टेबलावर लॅपटॉप मांडून, आणि बाबा पलीकडच्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करून माझ्याकडे कान देऊन बसले होते. पण बैठक दिल्लीची होती, देशभरासाठी नियम ठरवणारी, आणि तिथे मी तुझी गोष्ट सांगितली. कधी एकदा तुला सांगते असं झालंय.

आधी माझं काम सांगते, कारण तू गेलीस तेव्हा मी साधी ड्रॉइंगं काढत होते. आता आम्ही इमारत बांधण्याआधी अख्खी कॉम्प्युटरमध्ये उभी करतो. भिंती, तुळया, पाइप, वायरी, सगळं. कशाची जाडी किती, काय कधी बदलायचं, हेसुद्धा त्यातच भरलेलं असतं. याला इंग्रजी आद्याक्षरांवरून बिम म्हणतात. पाइप तुळईत घुसत असेल तर तिथे लाल खूण उमटते, म्हणजे मग पुढे छिन्नी-हातोडा घेऊन फोडाफोड करावी लागत नाही. घोळ एवढाच की प्रत्येकजण आपापल्या तऱ्हेने हे करतो, आणि एकाचं मॉडेल दुसऱ्याच्या मॉडेलशी जुळत नाही. म्हणून आता साऱ्या देशासाठी एक मानक ठरतंय, आणि ते लिहिणाऱ्यांत मीही आहे. कशाला काय म्हणायचं, कुणी काय बदलायचं, फाइल ‘काम चालू’ कधी आणि ‘मंजूर’ कधी. लाल खूण शिल्लक असेल तोवर फाइल मंजूर करायची नाही, हा नियम मीच लिहिलाय आणि त्याचा मला भारी अभिमान आहे. पण माझा जीव अडकला होता दुसऱ्याच कलमात. पाया खोदण्याआधी, त्या इमारतीत जे राहणार किंवा राबणार त्यांना मॉडेलमधून फिरवून आणायचं, आणि ते काय म्हणतात त्याचं उत्तर द्यायचं. हे कलम परिशिष्टात टाकायचं घाटत होतं. परिशिष्ट म्हणजे माळाच ग. तिथे टाकलेलं कुणी पुन्हा काढून बघत नाही.

तुला इथला रुआबांध्याचा प्लॉट आठवतो ना? बाबा रिटायर होणार, प्लांटचं क्वार्टर सोडावं लागणार, म्हणून घेतलेला. मिस्त्रीने दोरी ताणून भिंतींच्या जागी चुन्याची फक्की मारली आणि सकाळी खोदायला येतो म्हणाला. संध्याकाळी तू निघालीस. हातात स्टोव्ह, पोळपाट-लाटणं, आणि बाबांच्या डोक्यावर घडीची खाट. मी कॉलेजात शिकत होते, मागून येताना मला तुझी खूप लाज वाटत होती. तू पांढऱ्या रेघांमधल्या स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटवतेस. सामान न्यायला थांबलेला मिस्त्री हसतो, “ये चूना हे दीदी, घर नोहय.”

“चुना हाय म्हणून तं पुसता येते. विटा पुसता येईन का?”

बाबा हळूच म्हणतात, “लोकं पाहून राहिले ना.”

“पाहू द्या. तुम्ही न्हाणीत जा.”

आणि बाबा खांद्यावर टॉवेल टाकून मुकाट्याने फक्कीच्या न्हाणीत जाऊन उभे राहतात. मी खोलीतून सरळ रेघ ओलांडून येते तर तू लाटणं उगारतेस. “भिंतीतून कावून येऊन राहिली वो? दारातून ये.” मी परत जाते, दारातून येते, चहा घेऊन दारातून बाहेर पडते, आणि त्याच वेळी न्हाणीतून निघालेल्या बाबांवर आदळते. चहा त्यांच्या बनियनवर सांडतो. तू चपलेने रेघ पुसतेस आणि मिस्त्रीला म्हणतेस, दार तिकडे सरकव. पुढे त्या घरात आम्ही एवढी वर्षं राहिलो, पण त्या दारात कुणी कुणाला धडकलं नाही.

पण फक्कीला उंची नसते, आई. स्वयंपाकघराच्या दारावर सामानाचा माळा किती उंच हवा ते तू हात वर करून दाखवलंस, तुझा हात आणि तुझीच उंची. बाबा तुझ्यापेक्षा चांगले वीतभर उंच. राहायला गेलो त्याच दिवशी स्वयंपाकघरात शिरताना त्यांचं कपाळ फुटलं. “तुमचंच डोस्कं लंबं हाय,” म्हणालीस आणि हळद दाबलीस. चूक तू शेवटपर्यंत कबूल केली नाहीस. बाबाच मान वाकवून शिरायला शिकले.

आज बैठकीत एक इंजिनिअर म्हणाले, लोकांना नकाशा दाखवला की पुरे, सगळ्यांना फिरवत बसलो तर काम कधी सुरू करायचं? मी मुद्देसूद बोलणार होते, पण तुझा राग माझ्यात आहेच. मी फक्कीचं घर सांगितलं. दार कसं सुधारलं ते सांगितलं, आणि माळा कसा चुकला तेही. म्हटलं, माझी आई रेघांमध्ये चालली म्हणून निम्मं घर बरोबर आलं. आता आपल्याकडे उंचीसकट घर आहे, आणि त्यात चालायला आपण कुणाला बोलवणारच नाही? मग त्याच इंजिनिअरांनी विचारलं, “और पिताजी का सर?” मी म्हटलं, “आज भी झुकाते हैं.” सगळे हसले, तेही. अध्यक्षबाईंनी कलम मुख्य मसुद्यात घ्यायला सांगितलं. अजून हरकती येतील, शब्द बदलतील, मला ठाऊक आहे. पण माळ्यावरून ते खाली आलं, आई. मी टेबलाखाली पाय नाचवत होते.

“मंग? झालं का?” बाबांनी विचारलं. झालं म्हटल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, “तुझ्या मायले सांगाले पायजे होतं,” आणि चहा ठेवायला उठले. स्वयंपाकघराच्या दारात त्यांनी मान वाकवली. या फ्लॅटला माळा नाही. ते घर तुझ्यामागे विकलं, पाडलंसुद्धा, तरी ते अजून वाकतात.

एक गोष्ट मी बाबांनाही सांगितलेली नाही. ते घर मी कॉम्प्युटरमध्ये बांधलंय, आठवून आठवून. ओट्यापाशी तू आहेस, दारात बाबा, आणि त्यांच्या कपाळावर बरोब्बर लाल खूण उमटते. माळा वीतभर वर सरकवला की ती जाईल आणि माझ्याच नियमाने फाइल मंजूर होईल. मी सरकवत नाही. रविवारी फाइल उघडते, खूण आहे ना ते बघते, आणि ‘काम चालू’ म्हणून परत ठेवून देते.