आवाज आहे, चित्र नाही

सोमवार, ४ मार्च

फाटकावरच्या कॅमेऱ्यानं दगा दिला! इंटरकॉमची बेल वाजते, खालचा माणूस बोलला की वर स्वच्छ ऐकू येतं, बटण दाबलं की कुलूपही उघडतं. पडदाही उजळतो — पण नुसता निळा. चित्राचा पत्ता नाही.

आवाज आहे, चित्र नाही. उलटं झालं असतं तर आमचं काही अडलं नसतं! गेल्या वर्षीच्या तापात ताईचे कान गेले ते गेलेच. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात, ती घरी एकटी. पॅसेजमधला पडदा स्वयंपाकघरातून दिसावा म्हणून समोर आरसासुद्धा लावलाय. पडदा उजळला की ती बघते, ओळखीचं कुणी असलं तरच उघडते. तेवढ्यावर सगळं सुरळीत चाललं होतं.

मंगळवार, ५ मार्च

व्हायचं तेच झालं. पडदा उजळला, ताईला वाटलं मीच लवकर आले. तिनं फाटक उघडलं, वरचं दारही उघडं ठेवलं. पाण्याची मशीन विकणारा कुणीतरी थेट वर आला. बिचारा आपला बोलतोय, बोलतोय — आणि ताई पाठमोरी, तिला काय कळणार! वळली तर मागे परका माणूस. हातातलं पातेलं गेलं खाली. तिच्या किंकाळीनं तोच जास्त घाबरला म्हणे.

हसत हसत सांगत होती. पण मधेच उठून दाराची कडी दोनदा बघून आली.

मी मूर्खासारखं फोनवर दादाला सांगून बसले. झालं! "आता बास. सतरा तारखेला गाडी घेऊन येतो. तिला माझ्याकडे नेतो. तू कामावर जाणार आणि ती घरात अशी... उद्या काही झालं म्हणजे?"

फोन ठेवला तर ताई समोरच. "काय म्हणाला?"

"जेवलात का विचारत होता."

"खोटं बोलताना तुझे ओठ आखडतात," ती म्हणाली. तिला ऐकू येत नाही म्हणून ती मोठ्यानं बोलते. आता हे चार घरांना कळलं.

मग सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "त्याच्याकडे मला सगळं हातात मिळेल. तेच नको झालंय मला."

गुरुवार, ७ मार्च

दुरुस्तीवाला येऊन गेला. बटणं दाबली, पडद्यावर दोनदा टिचकी मारली. "हे मॉडेल बंद झालंय मॅडम. नवा सेट बसवा."

"पण बिघडलंय काय?"

"काय बिघडलंय ते बघण्यात अर्थ नाही. बदलून टाका." नवा सेट मागवला तर यायला महिना लागेल म्हणे. महिना! दादा सतराला येतोय.

बिघडलंय काय हे न बघताच बदला? मी नाही बदलणार. मीच बघणार.

शनिवार, ९ मार्च

मालकांना विचारून दुकानातले बारीक स्क्रू ड्रायव्हर घरी आणले. चष्म्याचे मुंगीएवढे स्क्रू बसवण्यात हयात गेली माझी. ह्या डब्याची काय बिशाद!

रविवार, १० मार्च

बिशाद होती.

मेन स्विच बंद केला, पडदा भिंतीवरून उतरवला. मागे चार वायरी — लाल, काळी, पांढरी, पिवळी. कुठली कशाची, कुणाला ठाऊक! चारही ओढून परत घट्ट खोचल्या. लाइट चालू केला, फाटकाशी जाऊन बेल दाबली, धावत वर आले. चित्र नाहीच — आणि रस्त्यावरचा आवाज यायचा तोही गेला! जे चालू होतं तेही मी घालवलं. जिन्यात बसून राहिले.

ताई शेजारी येऊन बसली. "सोडून दे. जाईन मी दादाकडे."

"गप्प बस," म्हटलं. तेवढं तिला ओठांवरून बरोब्बर कळलं!

संध्याकाळी पुन्हा उघडलं. पांढरी वायर नीट बसली नव्हती. बसवली, आवाज परत आला. म्हणजे पांढरी आवाजाची. आता चित्राची कुठली ते शोधायचं. काही का होईना, एक तरी कळलं.

मंगळवार, १२ मार्च

दुकानात सगळा दिवस डोक्यात तेच. गिऱ्हाईकाला चुकून म्हटलं, "चित्र दिसतंय ना?" ते म्हणाले, "अक्षरं दिसताहेत."

त्यावरून सुचलं! दिसत नाही म्हणून कुणी आलं की आम्ही आधी बघतो, दोष काचेत आहे की डोळ्यात. मग इथंही तसंच करायचं. पडदा बिघडलाय, कॅमेरा बिघडलाय, की मधली वायर?

बुधवार, १३ मार्च

आज अर्धी रजा. फाटकावरचा कॅमेरा सोडवून वर आणला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. वीतभर वायरीचे चार तुकडे घेऊन थेट पडद्याला जोडला. लाइट चालू केला, बटण दाबलं —

पडद्यावर ताईचं नाक! एवढं मोठं नाक!

"अगं, मी दिसतेय!" ओरडली. शेजारच्या काकू खिडकीतून विचारायला लागल्या, काय झालं काय.

कॅमेरा धडधाकट, पडदा धडधाकट. बदला म्हणे! वायरच कुठेतरी तुटलीय. पिवळी काढली की चित्र जातं, तेही बघून ठेवलं.

शनिवार, १६ मार्च

सापडलं! वायर जिन्यातल्या प्लॅस्टिकच्या पट्टीतून खाली जाते. वरपासून एकेक पट्टी उघडत गेले. जिन्याच्या वळणावर हात थांबला. कान गेल्यापासून ताईचा कधीकधी तोल जातो, तिला धरायला म्हणून गेल्या महिन्याच्या शेवटी कठडा बसवून घेतला, त्याचा एक स्क्रू नेमका पट्टीतून आरपार गेलेला. बाकीच्या तिन्ही शाबूत, पिवळी अर्धवट कापलेली. चार दिवस तग धरला असेल, मग सुटली. तिच्याच सोयीसाठी मारलेला स्क्रू!

स्क्रू काढला, दुसरीकडे मारला. पिवळीची टोकं सोलली, पीळ दिला, टेप गुंडाळली. ताई वर पडद्यापाशी, मी खाली फाटकाशी. बेल दाबली. वरून काहीच नाही. पुन्हा दाबली.  एकदम स्पीकरमधून ताईचा आवाज गरजला — "केस विंचर जरा!"

फाटकाला धरून हसत सुटले. डोळे कधी भरले कळलंच नाही.

रविवार, १७ मार्च

दादा आला. ताईनं त्याला पडद्यावर बघितलं, उघडलं, स्वतः चहा केला. मी म्हटलं, "बघ, झालं की नाही ठीक?" तो म्हणाला, "वायर जोडलीस, पण काळजी मिटली का?" रीतसर भांडण झालं. शेवटी महिनाभर बघू म्हणाला. जाताना कॅमेऱ्यासमोर उभा राहून हात हलवत होता. ताई वर हात हलवत होती — त्याला ती दिसत नाही हे सांगूनही.

गुरुवार, २१ मार्च

बिछान्यात पडून लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येईल. काल दुकानातून येताना फाटकासमोर पाय मुरगळून अशी पडले की उठता येईना. किल्ल्या-फोन सगळं पिशवीसकट गटारात. गल्लीत चिटपाखरू नाही. बसल्या बसल्या हात वर करून कसंबसं बटण दाबलं. कॅमेऱ्यात चेहरा येईना, नुसती चार बोटं. ताईनं ती ओळखली. अनवाणी धावत आली, शेजारच्या काकांची गाडी काढायला लावून मला दवाखान्यात नेलं. घोट्याचं हाड मोडलंय. दीड महिना पाय टेकायचा नाही. मघाशी दादाला फोन केला. म्हटलं, ताईला नेऊ नकोस रे, मला तिच्याशिवाय जमणार नाही.